शेजारच्या टेबलाचा पगार

पगारवाढ मागायला परळ-लालबागच्या माणसाला एकेकाळी मैदान लागत असे. आता मीटिंग रूम लागते, आणि तीही आधी बुक करावी लागते. मैदानात मागणाऱ्याच्या हातात ध्वनिक्षेपक असे, मागे हजारोंचा जमाव आणि डोक्यावर झेंडा. मीटिंग रूममध्ये त्याच्या हातात कोमट पाण्याची बाटली असते, मागे काचेची भिंत, आणि समोर एचआरची एक हसतमुख मुलगी. ती वयाने त्याच्या भाचीएवढी असते आणि त्याला नावाने हाक मारते. ज्याच्या आजोबांनी कामगार मैदानात "कोण म्हणतो देणार नाय, घेतल्याशिवाय राहणार नाय" म्हणत घसा फोडला, तो नातू या खोलीत शिरतो, खुर्चीच्या कडेवर टेकतो आणि म्हणतो, "नाही, म्हणजे, सहजच आलो होतो."

नातवाला हसू नये. घोषणा एकट्याने देण्याची चीजच नाही. लोअर परळच्या सतराव्या मजल्यावर एकट्याने मूठ वळून ती दिली, तर पगारवाढीच्या आधी सिक्युरिटीवाला येईल.

खरं तर हा सगळा पट्टा मागण्याच्याच जोरावर वाढला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेऊन जे मागितलं, त्याची यादी आज वाचताना संकोच वाटतो. रविवारी सुटी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या. पगार वाढवा हे लांबच राहिलं, झालेल्या कामाचा निदान महिन्या-दीड महिन्यात तरी हातावर ठेवा, एवढंच म्हणणं. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी कबूल केली. त्या रविवारचं आपण काय करतो? सकाळी मटणाच्या रांगेत उभे राहतो, दुपारी झोपतो, आणि दिवेलागणीपासून उद्या साहेबांकडे पगाराचा विषय कसा काढायचा याची तालीम करतो. रात्री झोपताना ठरतं, की उद्या नको, सोमवारी साहेबांचा मूड नसतो. लोखंड्यांनी मागून आणलेला रविवार आपण न मागण्याची कारणं शोधण्यात घालवतो.

'व्हेरिएबल पे' नावाचं जे प्रकरण आहे, तेही वाटतं तितकं नवं नाही. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत मुंबईच्या गिरण्यांनी काही वर्षं ओळीने बोनस दिला. कामगारांनी तो पगारातच धरला, त्यावर उधारी केली, लग्नं ठरवली. मग मंदी आली आणि मालकांनी हात आखडला. १९२४ च्या जानेवारीत दीड लाखाच्या वर कामगार बाहेर पडले. सरकारने मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांची समिती नेमली आणि समितीने निर्वाळा दिला, की बोनस हा काही कामगारांचा कायदेशीर हक्क नव्हे. शंभर वर्षं उलटली. तोच निर्वाळा आता ईमेलने येतो, आणि खाली 'वॉर्म रिगार्ड्‌स' असतात.

पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात लावली. पुन्हा संप झाला, आणि सरकारने कापडावरची अबकारी स्थगित केल्यावर कपात मागे घेतली गेली. म्हणजे त्या लोकांना नुसतं जागच्या जागी राहायलाही संप करावा लागे. आपण सुखी आहोत. भाव सात टक्क्यांनी चढले आणि वाढ पाच टक्के मिळाली तर तीही कपातच झाली, पण आपण तिचे पेढे वाटतो.

१९८२ बद्दल मात्र जपून बोलायला हवं. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर चाळीचाळीतून काय झालं ते ज्यांनी पाहिलं, त्यांच्यासमोर विनोद सुचत नाही. एवढंच नोंदवतो, की तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. तेव्हा कागदोपत्री बोलणी अजून चालू आहेत असं मानायला जागा आहे. गिरण्यांच्या जागेला मात्र तेवढा धीर नव्हता. फिनिक्स मिलमध्ये पूर्वी कापड विणलं की पगार मिळत असे, आता तिथेच सगळा पगार दिला की कापड मिळतं. आणि कमला मिलच्या आवारात आता साच्यांऐवजी माणसांची मापं निघतात. त्याला अप्रेझल म्हणतात.

अप्रेझलचा आणि हापूसचा हंगाम एकच असावा, हा मध्यमवर्गावरचा अन्यायच म्हणायचा. एप्रिलमध्ये दादरच्या बाजारात पेटीचा भाव विचारून माणूस पुढे सरकतो. "पत्र येऊ दे, मग घेऊ." पत्र मे महिन्यात येणार असतं. मेमध्ये कळतं की फाइल वर गेली आहे. वर म्हणजे कुठे, हे कोणालाच ठाऊक नसतं, पण फाइल तिथे थंड हवेत सुखात असते. पावसाच्या तोंडावर आंब्याचा भाव उतरतो, माणसाच्या अपेक्षाही उतरतात, आणि दोन्ही उतरलेली घेऊन तो घरी येतो.

त्याआधी एक फॉर्म भरायचा असतो. त्यात आपण वर्षभर किती थोर काम केलं हे आपणच लिहायचं. आता ज्या मुलाच्या कानावर पाळण्यापासून समर्थ रामदास आहेत, त्याने हे करायचं कसं? समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगताना स्वतःची स्तुती स्वतः करणाऱ्याला सुरुवातीच्याच यादीत बसवलं आहे. शिवाजी पार्कात वाढलेला, श्लोक-पाठांतरात बक्षीस मिळवलेला माणूस 'आपली तीन ठळक बलस्थानं लिहा' या रकान्यासमोर घामाघूम होतो. शेवटी लिहितो, 'वेळेवर येतो.' पाच पैकी गुण द्यायचे असतात तिथे स्वतःला तीन देतो, कारण चार दिले तर गर्व दिसेल. साहेब त्या तिनाचे अडीच करतात, कारण त्यांनाही वर हात राखल्याचं दाखवायचं असतं. शेजारी नुकताच लागलेला पोरगा स्वतःला पाच देतो, त्याचे चार होतात. दासबोध त्याने वाचलेला नसतो, आणि पगारपत्रकात तरी त्याचं काही अडत नाही.

मागण्याच्या पद्धती भागाभागाप्रमाणे बदलतात. गिरगावची पद्धत सर्वांत जुनी. वाड्यांमधून निघून फोर्टातल्या कचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी केलेल्या लोकांची ती गायकी आहे, आणि ती सगळी विलंबितात चालते. गिरगावकर साहेबांसमोर उभा राहतो आणि आधी हवेचा सूर लावतो. "यंदा उकाडा फार आहे, साहेब." मग सावकाश तांदळाच्या भावावर येतो. तिथून धाकटीच्या कॉलेजची फी, चाळीच्या दुरुस्तीचा हप्ता, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, अशी आलापी रंगत जाते. साहेब घड्याळ बघतात. आता सम येणार, आता 'पगार' हा शब्द पडणार, असं वाटतं, आणि इतक्यात गिरगावकर म्हणतो, "असो. ही फाइल ठेवतो." साहेबांना सगळं समजलेलं असतं. ते दिवाळीला मिठाईचा पुडा थोडा मोठा देतात.

लालबागची पद्धत थेट आहे. साहेबांकडे जाण्याआधी राजाकडे जायचं. याला इतिहासाचा आधारही आहे. १९३२ मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद पडला. तिथले कोळी आणि किरकोळ विक्रेते उघड्यावर आले. त्यांनी कायमच्या जागेसाठी गणपतीला नवस केला, जागा मिळाली, आणि १९३४ पासून गणपती बसू लागला, असं मंडळाचा इतिहास सांगतो. म्हणजे आधी मागणी, मग मान्यता, मग मूर्ती. लालबागकर हा क्रम विसरत नाही. भाद्रपदात नवसाच्या रांगेत तो रात्रभर उभा राहतो आणि पुढच्या एप्रिलचं बोलून ठेवतो. बोलणं चोख असतं. पाच टक्के वाढ झाली तर नारळ आणि पेढे, दहा झाली तर चांदीचा मोदक, प्रमोशन झालं तर पुढच्या वर्षी अनवाणी. कामगिरी तशी बक्षिसी. कंपनीने हे 'व्हेरिएबल'चं तत्त्व लालबागहून उचललं असण्याची शक्यता आहे, पण राजाने आजवर "यंदा बजेट टाइट आहे" असं कोणाला सांगितल्याचं ऐकिवात नाही.

कंपनी सांगते. कंपनीकडे नाही म्हणण्याच्याही रीती आहेत. पहिली रीत बजेटची. दुसरी, "अरे, तू तर आपल्या फॅमिलीतला." हे खरंही असतं, कारण फॅमिलीत कोणी कोणाला पगार देत नाही. तिसरी रीत पद वाढवण्याची. पगार तोच राहतो आणि नावापुढे 'सीनियर' लागतं. काही वर्षांनी ते 'सीनियर असोसिएट डेप्युटी मॅनेजर' असं लांबत जातं, व्हिजिटिंग कार्डावर फोन नंबरला जागा उरत नाही, आणि माणूस तेच कार्ड खिशात घेऊन सेकंड क्लासच्या दारात लोंबकळत प्रभादेवीला उतरतो. चौथी रीत सर्वांत वाईट. पगाराचं विचारायला आत गेलेला माणूस दोन जादा कामं घेऊन बाहेर येतो आणि जागेवर बसल्यावर त्याच्या लक्षात येतं, की आपण "थँक यू सर" म्हणालो.

या सगळ्या प्रकारांत बोलणी करण्याची खरी हातोटी कोणाकडे असेल, तर ती घरकामाला येणाऱ्या मावशींकडे. दादरला आमच्याच इमारतीत एक गृहस्थ राहतात. लोअर परळला नोकरी, पद वर सांगितलं तेवढंच लांब. गेले तीन अप्रेझल ते पगाराचं बोलायचं ठरवत आहेत. एका रविवारी ते पेपरच्या मागे बसून मनातल्या मनात तालीम करत असताना, स्वयंपाकघराच्या दारात प्रत्यक्ष प्रयोग झाला.

"वहिनी, पुढच्या महिन्यापासून भांड्याचे पाचशे वाढवा."

"अहो मावशी, गेल्या दिवाळीतच वाढवले ना?"

"तेव्हा तुम्ही तिघं होतात. आता आजी गावावरनं आल्यात. त्यांचं पथ्याचं वेगळं, सोवळ्याचं वेगळं. पातेली मोजा."

वहिनींनी पातेल्यांकडे पाहिलं. ती मोजण्यासारखी होती.

"पण पाचशे फार होतात हो."

"चौथ्या मजल्यावर सातशे वाढवले. तिथे माणसं दोन, आणि मिक्सर महिन्यातनं एकदा निघतो."

"तीनशे करूया."

"चारशे करा, आणि गणपतीत पाच दिवस सुट्टी."

"गणपतीत? अहो, घरात पाहुणे असतात!"

"म्हणून तर आत्तापासून सांगून ठेवते."

चारशे आणि पाच दिवस ठरले, वर चहाही झाला. पेपरच्या मागचे गृहस्थ अवाक झाले. कंपनीने त्यांना एकदा खंडाळ्याला नेऊन दोन दिवस वाटाघाटींचं प्रशिक्षण दिलं होतं. तिथे जे जे फळ्यावर लिहिलं होतं, ते सगळं मावशींनी कपबशी धुता धुता करून दाखवलं. वाढलेल्या कामाचा पुरावा, बाजारातला दर, खाली यायला ठेवलेली जागा, पैशाऐवजी सवलत, अचूक वेळ. आणि एकदाही 'सॉरी' नाही.

वहिनी आत गेल्यावर गृहस्थांनी पेपर खाली घेतला.

"मावशी, मलाही साहेबांकडे पगार वाढवून मागायचाय."

"मग मागा की, दादा."

"पण किती मागू?"

"तुमच्या शेजारच्या टेबलावर बसतात, त्यांना किती मिळतात?"

"ते कसं कळणार? गुप्त असतं ते. पत्रावरच लिहिलेलं असतं."

मावशींनी हातातलं फडकं थांबवलं. "का? पगार चोरीचा आहे?"

या प्रश्नाला खंडाळ्यात उत्तर दिलेलं नव्हतं.

मावशी लालबागच्या. सासरे गिरणीत साच्यावर होते. त्या घरात पगार ही लपवायची गोष्ट नव्हती, आणि लपवता आलीही नसती. १९४७ साली औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने मुंबईच्या गिरण्यांतले पगार एका मापात आणले. किमान मूळ पगार तीस रुपये, महागाई भत्ता वेगळा, कुठल्या खात्यात कोणत्या कामाला किती, हे सगळं ठरलेलं आणि छापलेलं. दहा बाय दहाच्या खोलीत पगाराचं पाकीट उघडलं, की नोटांची करकर शेजारच्या खोलीत ऐकू जाई. खानावळवाल्या बाईला तर बोनसचा आकडा कामगाराआधी पाठ असे, कारण थकबाकी तिची होती. एकमेकांचा आकडा माहीत होता म्हणून सगळ्यांची मिळून एक मागणी होऊ शकली. मैदान, झेंडा, ध्वनिक्षेपक हे सगळं नंतर आलं. आधी जिन्यात बसून झालेली विचारपूस होती: "तुला किती पडले रे?"

मावशींचा जिना अजून चालू आहे. सकाळी साडेदहाला पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर चारजणी पाच मिनिटं टेकतात, आणि कुठल्या घरात किती देतात, कोण सणाला साडी देतं, कोण फ्रीजमधलं शिळं देऊन उपकार दाखवतं, याचा चोख हिशेब होतो. आमच्या इमारतीत भांड्यांचा दर कोणी पाडू शकलेलं नाही. उलट वरच्या मजल्यांवर इंग्रजी फाडफाड बोलणारे जे लोक राहतात, त्यांना शेजारच्या टेबलाला किती मिळतात हे पंधरा वर्षांत कळत नाही. कंपनी पत्रावर 'गोपनीय' एवढा एक शब्द छापते आणि अडीच लाखांच्या जमावाचे अडीच लाख एकटे करून टाकते. कायदाही एका मर्यादेपर्यंतच सोबत येतो. १९६५ च्या बोनस कायद्याने किमान बोनस बांधून दिला, पुढे तो ८.३३ टक्क्यांवर नेला, पण २०१५ च्या दुरुस्तीनंतरही तो महिना एकवीस हजारांपर्यंतच्या पगाराला धरूनच थांबला. त्याच्या वर गेलात की तुम्ही साहेब, आणि साहेबाने आपलं आपण बघावं.

असो. आमच्या गृहस्थांना मावशींचं म्हणणं पटलं. सोमवारी लोअर परळ स्टेशनबाहेरच्या टपरीवर त्यांनी शेजारच्या टेबलवाल्याला कटिंग पाजला आणि एकदाचं विचारलं. आधी दोघांनीही "ठीकठाक आहे" असं सांगितलं. मग एकमेकांना मुलांच्या शपथा घातल्या गेल्या. मग आकडे बाहेर पडले. शेजारच्याला यांच्यापेक्षा महिना सहा हजार कमी होते.

त्या क्षणी गृहस्थांना जी शांती लाभली, ती वर्षानुवर्षं वारी करणाऱ्यालाही लाभत नसेल. पगारवाढीचा विचार मनातून निघूनच गेला. कंपनी आपल्याला एवढी मानते आणि आपण तिच्याबद्दल काय काय बोललो! संध्याकाळी दादरला उतरून त्यांनी भाव न करता हापूसची पेटी घेतली.

मंगळवारी शेजारचा टेबलवाला तो आकडा घेऊन केबिनमध्ये गेला. तो शपथ घेऊन आला होता खरा, पण शपथ न सांगण्याची होती, न मागण्याची नव्हती. आत काय झालं माहीत नाही. बाहेर आला तो आठ हजार वाढवून घेऊन, म्हणजे यांच्या पुढे दोन हजार. बुधवारी गृहस्थ घरी बसले. आंबे एकाएकी आंबट लागू लागले. बायकोला म्हणाले, कंपनीत न्याय उरला नाही. आईला म्हणाले, विश्वासाचे दिवस गेले. मावशी भांडी घासायला आल्या तेव्हा त्यांनाही सगळं सांगितलं, आणि सुरात थोडा ठपकाही होता.

"तुमच्या नादाने विचारायला गेलो, आणि माझाच आकडा वापरून तो पुढे गेला. मला कालपर्यंत सांगत होते, बजेट नाही."

मावशींनी नळ बंद केला.

"म्हणजे पैसे होते."

"अं?"

"त्यांना दिले म्हणजे पैसे होते, दादा. बजेट नाही हे खोटं, ते तर समजलं ना? आता तिथे कोणाला किती देतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मग घरी बसून काय करताय? जा नि मागा." त्यांनी पुन्हा नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या, "आणि तुमचे वाढले, की ते राहिलेले शंभर माझेही बघा."